सोळा पेन्स की अठरा पेन्स?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पुष्कळ घरांतून आजही जुना चांदीचा रुपया तबकात ठेवण्याची चाल आहे. राणीच्या नाहीतर पंचम जॉर्ज बादशहाच्या छापाचा तो बंदा रुपया वर्षातून एकदा पेटीतून बाहेर येतो, हळदकुंकू लावून घेतो आणि पुन्हा पेटीत जाऊन बसतो. या रुपयावरून एकेकाळी मुंबई शहरात केवढे रण माजले होते, हे सांगितले तर तरुण वाचकांना नवल वाटेल. भांडण त्यातल्या चांदीचे नव्हते. हा रुपया विलायतेच्या सोळा पेन्सांबरोबर धरायचा की अठरा पेन्सांबरोबर, एवढाच काय तो प्रश्न होता. फरक अवघा दोन पेन्सांचा. पण त्यासाठी सभा भरल्या, पुस्तके निघाली, दिल्लीच्या कायदेमंडळात खडाजंगी झाली आणि पुढे तर मिठाच्या पंक्तीला हा प्रश्न जाऊन बसला.

मी काही अर्थशास्त्राचा पंडित नव्हे. इतिहासाच्या नादाने जुने अहवाल आणि साक्षीपुरावे चाळणारा एक साधा वाचक आहे. परंतु वर्तमानपत्रात रोज भेटणारे चार शब्द, महागाई, बेकारी, विकास आणि पतधोरण, यांची एकमेकांशी गाठ कशी पडते हे मला जेवढे या दोन पेन्सांच्या भांडणाने शिकवले, तेवढे कोणत्याही क्रमिक पुस्तकाने शिकवले नाही. म्हणून ही कथा दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवण्याचे धाडस करतो.

आरंभ थोडा मागून केला पाहिजे. १८३५ साली कंपनी सरकारने साऱ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, म्हणजे आपला एक तोळा. त्यात अकरा बारांश शुद्ध चांदी. ज्याच्यापाशी चांदी असेल त्याने टांकसाळीत नेऊन द्यावी आणि तिचे रुपये पाडून घ्यावेत, असा खुला कारभार होता. त्या वेळी रुपयाला विलायतेत जवळजवळ दोन शिलिंग, म्हणजे चोवीस पेन्स मिळत. पुढे १८७१ नंतर जर्मनीने आणि तिच्यामागून इतर देशांनी सोन्याचे चलन धरले, चांदी बाजारात धो धो येऊन पडली आणि तिच्याबरोबर आपला रुपयाही घसरला. १८९२ च्या सुमारास तो पंधरा पेन्सांवर आला.

यात हिंदुस्थान सरकारची मोठी पंचाईत झाली. निवृत्त गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शने, रेल्वेच्या भांडवलावरचे व्याज, विलायतेतील कचेरीचा खर्च, या साऱ्यापोटी सरकारला दरसाल पौंडांत रक्कम पाठवावी लागे. कर मात्र रुपयांत गोळा होई. रुपया घसरला की त्याच पौंडांसाठी जास्त रुपये लागत. अखेर २६ जून १८९३ रोजी सरकारने टांकसाळीची दारे लोकांच्या चांदीला बंद केली. रुपये कमी पडू लागले आणि कमी पडणाऱ्या वस्तूची किंमत वाढते या न्यायाने रुपया चढला. शतक संपताना तो एक शिलिंग चार पेन्सांवर, म्हणजे सोळा पेन्सांवर, बांधला गेला. पौंडाचे पेन्स २४०; तेव्हा पंधरा रुपयांना एक पौंड, असा सोपा हिशेब बसला आणि पहिल्या महायुद्धापर्यंत टिकला.

दोन देशांच्या चलनांची अदलाबदल ज्या भावाने होते त्याला आपले जुने लोक हुंडणावळ म्हणत. ही हुंडणावळ युद्धात बिघडली. चांदी कडाडली, रुपया वर गेला आणि १९१९ साली एका सरकारी समितीने तो दोन शिलिंगांवर बांधावा अशी शिफारस केली. समितीतले एकमेव हिंदी सभासद, मुंबईचे दादिबा मेरवानजी दलाल, यांनी विरोधी पत्रिका जोडली. जुना सोळा पेन्सांचा भावच योग्य, असे त्यांचे म्हणणे. सरकारने त्यांचे ऐकले नाही. दोन शिलिंगांचा भाव टिकवण्यासाठी १९२० साली विलायतेतली गंगाजळी उपसली, कोट्यवधींचे नुकसान सोसले आणि त्याच वर्षी हात टेकले. ज्या व्यापाऱ्यांनी दोन शिलिंगांच्या भरवशावर विलायती मालाच्या मागण्या नोंदवल्या होत्या, त्यांची दिवाळी कशी झाली असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

यानंतर सरकार सावध झाले. पिके बरी येत होती, निर्यात वाढत होती आणि व्यापाराला जास्त पैसा हवा होता; परंतु सरकारने चलनाचा हात आखडता ठेवला. परिणामी रुपया हळूहळू चढत १९२४-२५ च्या सुमारास अठरा पेन्सांवर आला. तो तेथेच कायमचा बांधावा की जुन्या सोळावर न्यावा, हे ठरवण्यासाठी १९२५ साली हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन नेमले गेले. १९२६ साली त्याने अठरा पेन्सांच्या बाजूने कौल दिला. विरोधी पत्रिका पुन्हा एका मुंबईकराची होती: सर पुरुषोत्तमदास ठाकूरदास. कापसाच्या बाजारातले ते बडे प्रस्थ.

आता हा दोन पेन्सांचा फरक घराघरापर्यंत कसा पोहोचतो ते पाहू. समजा, वऱ्हाडातील शेतकऱ्याचा कापूस लिव्हरपुलात २० पौंडांना विकला गेला. सोळा पेन्सांच्या हिशेबाने त्याचे ३०० रुपये होतात. अठरा पेन्सांच्या हिशेबाने पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै पडतात आणि त्याच कापसाचे २६६ रुपये १० आणे ८ पैच हाती येतात. नवव्या हिश्शाला कात्री लागली. पण शेतसारा रुपयांतच भरायचा असतो. सावकाराचा कागद रुपयांतच लिहिलेला असतो. त्यातला एक आणाही कमी होत नाही. उलट लँकेशायरचे एक पौंडाचे कापड पूर्वी पंधरा रुपयांना पडे ते आता तेरा रुपये पाच आण्यांना पडू लागते आणि परळ-लालबागच्या गिरणीतल्या कापडाला तेवढी झळ लागते.

मग अठरा पेन्सांचा फायदा कोणाला? सरकारला, कारण पौंडांची देणी कमी रुपयांत भागत. परदेशी माल घेणाऱ्याला. आणि ठरावीक पगारावर जगणाऱ्या माणसालाही, कारण रुपया महाग म्हणजे वस्तू स्वस्त. कमिशनने मुख्य मुद्दा मांडला तो असा, की बाजारभाव आणि मजुरी बहुतांशी अठरा पेन्सांशी जुळून गेली आहेत. आता मागे फिरलात तर महागाई होईल आणि गरिबाला सोसावी लागेल. ठाकूरदासांचे उत्तर होते की भाव लवकर उतरतात, मजुरी आणि कर्जे तशी उतरत नाहीत; हा मेळ अजून बसलेला नाही आणि तो बसवताना कारखान्यांत कलह माजतील.

याच वादात तिसरा आवाज होता, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. परळच्या चाळीत, गिरण्यांच्या भोंग्याच्या टप्प्यात राहणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावर लंडनला प्रबंध लिहून डी. एस्सी. मिळवली होती, तो ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. हिल्टन यंग कमिशनपुढे त्यांनी साक्षही दिली. सरकारी चलनव्यवस्थेवर त्यांची टीका कडक होती. पण स्वस्त रुपयाची आरती ओवाळणाऱ्यांनाही त्यांनी सोडले नाही. त्यांच्या प्रतिपादनाचा मथितार्थ असा: चांदी घसरली त्या वर्षांत आपली निर्यात वाढली हे खरे, पण तो राष्ट्राचा नफा नव्हता. वस्तूंचे भाव चढले आणि मजुरी मागे राहिली. व्यापाऱ्याच्या गाठीला लागलेला पैसा मजुराच्या ताटातून आला. स्वस्त चलनाने देश श्रीमंत होतो असे म्हणण्याआधी देशातला कोण, हे विचारले पाहिजे.

असे हे तीन पक्ष. मुंबईत करन्सी लीग निघाली, सोळा पेन्सांसाठी व्याख्याने झडली. १९२७ च्या मार्च महिन्यात अर्थमंत्री सर बेसिल ब्लॅकेट यांचे बिल मध्यवर्ती कायदेमंडळात अगदी थोड्या मतांनी तरले आणि रुपया अठरा पेन्सांचा झाला.

याच सुमारास विलायतेतही असेच नाटक चालू होते. १९२५ साली चर्चिल यांनी पौंड युद्धापूर्वीच्या सोन्याच्या भावावर नेऊन बसवला. केन्स यांनी लगेच पुस्तिका लिहून बजावले की पौंड महाग केल्याने कोळसा परदेशात खपणार नाही आणि खाणमालक मजुरी कापतील. पुढच्याच वर्षी, १९२६ च्या मे महिन्यात, खाणकामगारांच्या मजुरीवरून सारी विलायत संपावर गेली. नाणे महाग करणारा हात लंडनच्या कचेरीत, आणि त्याची किंमत मोजणारा वेल्सच्या खाणीत!

मुंबईची गोष्ट निराळी नव्हती. १९२५ सालीच गिरणीमालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. चढलेली हुंडणावळ, जपानी स्पर्धा आणि देशी कापडावरची जकात ही त्यांची कारणे. रुपया साडेबारा टक्के चढला आणि मजुरीवर साडेअकरा टक्क्यांची कुऱ्हाड आली, हे दोन आकडे शेजारी ठेवले की मनात पाल चुकचुकते. तरी त्यांचे गणित एकाला एक असे जोडणे बरोबर होणार नाही. दोन महिन्यांवर संप चालला, डिसेंबरात सरकारने ती जकात तहकूब केली आणि कपात टळली. पण पेच सुटला नव्हता. १९२८ साली मालकांनी एका कामगाराकडे दोनाऐवजी जास्त साचे देण्याचा, माणसे कमी करण्याचा घाट घातला आणि एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगार संपावर राहिले. ना. म. जोशी, डांगे, निंबकर, अर्जुन आळवे ही नावे त्या काळात घरोघर झाली. भाऊच्या धक्क्यावरून कोकणच्या बोटी भरून जात होत्या, कारण गावाकडे निदान पेजपाणी तरी मिळत होते.

त्यावर १९२९ ची जागतिक मंदी कोसळली. चार वर्षांत शेतमालाचे भाव जवळजवळ निम्म्यावर आले. याचा सारा दोष अठरा पेन्सांवर टाकणे अन्यायाचे होईल. अमेरिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत हीच दशा होती. परंतु आगीत तेल ओतण्याचे काम आपल्या पतधोरणाने केले, हे नाकारता येत नाही. अठरा पेन्सांचा भाव राखायचा तर रुपये दुर्मीळ ठेवणे भाग होते. म्हणून सरकारने चलन आकसून घेतले आणि १९३१ साली इंपीरियल बँकेचा व्याजदर आठ टक्क्यांपर्यंत चढला. ज्या वेळी व्यापाऱ्याला, गिरणीला, शेतकऱ्याला स्वस्त पैशाची सर्वांत अधिक गरज होती, त्याच वेळी पैसा महाग झाला. व्याज महाग म्हणून अडत्या माल भरीना. तो माल घेईना म्हणून कापूस पडून. कापसाला भाव नाही म्हणून शेतकरी कापड घेईना. कापड खपेना म्हणून गिरणी बंद. बेकारी जन्माला येते ती अशी, साखळीच्या एकेका कडीने.

गांधीजींनी हे बरोबर हेरले होते. १९३० च्या जानेवारीत त्यांनी सरकारपुढे अकरा मागण्या ठेवल्या. त्यांत मिठावरचा कर रद्द करा, शेतसारा निम्मा करा, या मागण्या आहेत आणि त्यांच्याच बरोबरीने, रुपयाचा भाव एक शिलिंग चार पेन्स करा, हीही आहे. दांडीच्या मिठाची मूठ साऱ्या जगाला आठवते. ही दुसरी मागणी मात्र विस्मरणात गेली.

१९३१ च्या सप्टेंबरात इंग्लंडने सोने सोडले. रुपया पौंडाच्या शेपटाला अठरा पेन्सांनीच बांधलेला राहिला, पण सोन्याचा भाव रुपयांत भराभर चढला. आणि मग जे घडले ते आपल्या घरांच्या इतिहासातले एक दुःखाचे पान आहे. खेड्यापाड्यांतून पाटल्या, गोठ, पुतळ्यांच्या माळा सराफाच्या ताजव्यात पडल्या, मुंबईच्या झवेरी बाजारात त्यांची लगड झाली आणि बोटीने लंडनला गेली. काही वर्षांतच शेकडो कोटी रुपयांचे सोने असे बाहेर गेले. सरकारी टिपणांत याला व्यापाराचा शिलकी आकडा म्हटले आहे. माझी आजी मात्र घरातल्या एखाद्या जुन्या प्रसंगाचा काळ सांगताना ‘पाटल्या मोडल्या त्या मंदीत’ असे म्हणत असे. तिला हुंडणावळ हा शब्द ठाऊक नव्हता. तिची झळ मात्र ठाऊक होती. वस्तू इतक्या स्वस्त झाल्या होत्या, की महागाईचा शत्रू म्हणवणाऱ्याने पेढे वाटावेत. पण स्वस्ताई विकत घ्यायलाही गाठीला पैसा लागतो.

इथवर वाचून वाटेल की ठाकूरदास खरे ठरले, प्रश्न मिटला. परंतु इतिहास इतक्या लवकर निकालपत्र देत नाही. १९३५ साली रिझर्व्ह बँक स्थापन झाली आणि चारच वर्षांत दुसरे महायुद्ध पेटले. इंग्रज सरकार युद्धासाठी येथून धान्य, कापड, तंबू, जे मिळेल ते खरेदी करी. त्याचे पौंड लंडनमध्ये आपल्या नावावर जमा होत आणि त्यांच्या आधारावर येथे नोटा छापल्या जात. १९३९ साली सुमारे १८० कोटींच्या नोटा बाजारात होत्या; १९४५ साली त्या १,२०० कोटींच्या वर गेल्या. गिरण्यांची धुराडी रात्रंदिवस धूर ओकू लागली, कामाला माणसे पुरेनात. बेकारीवर यापरते औषध कोणते? परंतु धान्य तेवढेच आणि नोटा सहापट. भाव अडीचपटीच्या घरात गेले. मुंबईच्या गिरणीकामगाराला, त्याची संघटना होती म्हणून, महागाईभत्ता तरी मिळाला. बंगालमधल्या भूमिहीन मजुराला काही मिळाले नाही. १९४३ च्या दुष्काळात लाखो माणसे मेली, त्याला कारणे अनेक होती; परंतु तांदळाचा भाव कुठल्या कुठे गेला आणि रोजची मजुरी मागे राहिली, हे त्यांतले एक ठळक कारण होते. वीस वर्षांपूर्वी परळच्या चाळीतल्या त्या विद्वानाने नेमक्या याच गोष्टीकडे बोट दाखवले होते.

तात्पर्य, पैसा महाग झाला तेव्हा काम गेले, पैसा स्वस्त झाला तेव्हा ताट गेले. पहिल्या वेळी ठाकूरदासांचे खरे झाले, दुसऱ्या वेळी आंबेडकरांचे. दोन्ही वेळी ज्याची मिळकत बाजाराच्या चालीने चालू शकत नाही, तोच चिरडला गेला.

लंडनच्या ज्या विद्यालयात आंबेडकर शिकले, तेथेच शिकवणाऱ्या फिलिप्स नावाच्या प्राध्यापकाने १९५८ साली इंग्लंडच्या जवळजवळ शंभर वर्षांच्या आकड्यांवरून एक वक्ररेषा काढली: बेकारी कमी असते तेव्हा मजुरी भराभर चढते, बेकारी वाढली की ती मंदावते. काही काळ पंडितांना वाटले, की हा तराजूच हाती आला. थोडी महागाई घाला, तेवढी बेकारी काढा. १९७० नंतरच्या दशकाने तो भ्रम घालवला. तेल महागले, आपल्याकडे पाऊस रुसला आणि १९७४ च्या सुमारास महागाई वीस टक्क्यांच्या वर गेली. नोकऱ्या मात्र वाढल्या नाहीत. लोक भाववाढ गृहीत धरू लागले की नव्या नोटांची नशा उतरते आणि डोकेदुखी तेवढी उरते. दीर्घकाळचा विकास पाणी, वीज, शाळा, यंत्रे आणि माणसांचे कसब यांवरच उभा राहतो. टांकसाळीतून तो पाडता येत नाही. चुकीच्या पतधोरणाने तो अडवता मात्र येतो, हे आपण १९३१ साली पाहिले.

अठरा पेन्सांचा भाव पुढे किती काळ टिकला असेल? स्वराज्य आले, राज्यघटना झाली, पेन्सांना कोणी विचारीनासे झाले, तरी रुपया पौंडाशी त्याच प्रमाणात बांधलेला होता. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले तेव्हा कुठे ती गाठ सुटली. आज हुंडणावळ बाजारात ठरते आणि रिझर्व्ह बँकेच्या हातातला मुख्य दोर म्हणजे व्याजाचा दर. २०१६ साली कायदा बदलून सहा जणांची पतधोरण समिती नेमली गेली आणि महागाई चार टक्क्यांच्या आसपास, फार तर दोन टक्के इकडे-तिकडे, राखण्याचे काम तिच्यावर सोपवले गेले. भाव स्थिर ठेवा आणि विकासाचे उद्दिष्ट ध्यानात असू द्या, असे तो कायदा सांगतो. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेला १९७७ च्या कायद्याने भावांबरोबरच जास्तीत जास्त रोजगाराचीही जबाबदारी दिली आहे. आपल्या कायद्याच्या त्या वाक्यात रोजगार हा शब्द नाही. तो विकासाच्या पोटात आहे, असे जाणकार म्हणतात. असेलही.

परंतु व्याजाचा दर पाव टक्का वर गेला वा खाली आला, की मला त्या दोन पेन्सांची आठवण होते. आकडा लहान असतो आणि भाषा अवघड असते. म्हणून आपण पान उलटतो. ते उलटण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी. या निर्णयाने कोणाचे ताट राखले जाईल आणि कोणाचे काम जाईल? हा प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. १९२६ साली मुंबईत तो भर सभेत विचारला जात होता.